पातं की सुटा भाग

माझा मोठा भाऊ लाकूड कापायच्या मशीनचा मिस्त्री होता. त्या मशीनला आमच्याकडे कुणी चेन सॉ म्हणत नाही, कटर म्हणतात. मंचरला हमरस्त्यालगत शेतीची अवजारं आणि पंप विकणारं एक दुकान होतं. त्याच्या मागच्या पडवीत पोतं अंथरून तो बसायचा. महाळुंगे पडवळपासून लोणीपर्यंतचे लाकूडतोडे, वखारवाले, विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटणारे कंत्राटदार, पश्चिमेला डोंगरात वाऱ्यानं पडलेली झाडं हटवणारे, सगळे आपापली बंद पडलेली मशीनं त्याच्यापुढे आणून ठेवायचे. तो दोन-तीनदा दोरी ओढायचा, कान देऊन ऐकायचा आणि बहुतेक वेळा मशीन न उघडताच सांगायचा की बिघाड कुठे आहे.

मी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. तिथल्याच एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी साहाय्यक होते. लग्न केलं नाही. दादा, वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि मी एकाच घरात राहायचो. दादा सातवीनंतर शाळेत गेला नाही. अशा वेळी गरिबीचं कारण सांगायची रीत आहे, पण आमचे वडील शिकवायला तयार होते. दादालाच दुसऱ्यानं सांगितलेलं ऐकत बसणं जमत नव्हतं. मला नेमकं तेच आवडायचं. नव्वदच्या सुमारास तो वखारीत दोन माणसांनी ओढायच्या करवतीवर होता. पुढे एका कंत्राटदाराचं पहिलं कटर मशीन तिथं आलं, महिनाभरात बंद पडलं, आणि दादानं ते उघडून पुन्हा जोडलं. त्यानंतर त्यानं करवतीला हात लावला नाही.

दुकानाच्या मालकांना सगळे शेठ म्हणायचे. दोन हजार सालानंतर परदेशातून माल मागवणं लहान गावातल्या दुकानदारांच्याही आवाक्यात आलं, तेव्हा त्यांनी कटरचे सुटे भाग थेट बाहेरून आणायचं ठरवलं. प्लग, कार्बोरेटर, पिस्टन, चेन ज्या पोलादी पट्टीवरून फिरते ती पट्टी, आणि रिळावर गुंडाळलेली दातेरी चेन. बंदरावर माल सोडवून देणारा एक एजंट मुंबईत होता. त्यानं फोनवर सांगितलं, की मागवायच्या प्रत्येक वस्तूचं इंग्रजीत वर्णन पाहिजे आणि त्यापुढे सीमाशुल्काच्या पुस्तकातला आकडा पाहिजे. तो आकडा ठरला की कर ठरतो. आकडा चुकला की माल अडकतो.

शेठ ग्रंथालयात आले. माझ्या टेबलासमोर उभं राहून त्यांनी कपाटांवरच्या आकड्यांकडे बोट केलं.

“ताई, तुमी हितं हेच करता ना? कोनचं पुस्तक कुठं बसवायचं?”

“हो, पण पुस्तकांचं.”

“मंग पुस्तकांऐवजी नटबोल्ट समजा. वळखायला दादा हायेच.”

मला ते काम हवं होतं, हे मान्य केलं पाहिजे. पुण्यातून त्यांनी सीमाशुल्काचं जाडजूड पुस्तक आणून दिलं. ते मी एखादी कादंबरी वाचावी तसं वाचायला घेतलं. जगात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला त्यात जागा होती. सुरुवात जिवंत जनावरांपासून होत होती आणि शेवट चित्रं, पुतळे आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंवर. मध्ये मीठ, कापूस, छत्र्या, बटणं, रेल्वेची इंजिनं. आमच्या ग्रंथालयातल्या वर्गीकरणापेक्षाही ते मला देखणं वाटलं. चौऱ्याऐंशीवं प्रकरण यंत्रांचं होतं. त्यात हातात धरून वापरायच्या यंत्रांच्या ओळीत कटर होतं, आणि खाली स्वतंत्र आकडा देऊन, कटरचे भाग. मला वाटलं, काम संपलंच.

एका रविवारी दादानं दुकानाच्या पडवीत एक मशीन पूर्ण उघडलं आणि सगळे भाग पोत्यावर ओळीनं मांडले. मी वही घेऊन समोर बसले. तो एकेक भाग उचलून माझ्या हातात द्यायचा आणि तो काय करतो ते सांगायचा. त्याच्या मते वस्तूचं नाव महत्त्वाचं नव्हतं, ती काय करते तेवढंच महत्त्वाचं होतं. पिस्टन इंजिनाचा, तो इंजिनाच्या भागांत गेला. प्लग ठिणगी देतो, त्याची जागा विजेच्या सामानात निघाली. पट्टी मशीनचीच. असं करत आम्ही चेनपाशी आलो.

“ही मशीनचा भाग,” मी लिहिता लिहिता म्हणाले.

“न्हाई. ही पातं.”

“पातं कसं? कंपनीच्या पार्टबुकात मशीनच्या चित्रात दाखवलीय. तिला नंबर दिलाय.”

“दिऊ दे की. दाढीच्या मशीनला ब्लेड लावतो, म्हनून ब्लेड मशीनचा भाग झाला का? मानूस एक कटर दहा वरसं वापरतो. चेन चार म्हैन्यात संपती. कानस मारून मारून दात झिजला की फेकायची. भाग आसा फेकत्यात व्हय?”

“प्लगही फेकतोसच ना?”

“प्लग कापत न्हाई, बाय.”

तो हसला. मीही हसले, पण माझं मत बदललं नाही. ग्रंथालयात एखाद्या ग्रंथाबरोबर नकाशांची सुटी पिशवी आली, तर तिला वेगळ्या विषयात टाकत नाहीत. मूळ ग्रंथाचाच आकडा तिला मिळतो आणि ती त्याच्याशेजारी राहते. संच फोडायचा नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. चेन कटरसाठीच बनते, दुसऱ्या कशाला लागत नाही. मग ती कटरच्या संचातली. हे मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं, जे तो सहसा करत नसे.

“तुझं तुझ्या पुस्तकांपुरतं बराबर आसंल,” तो म्हणाला. “पर बंदरावरचा सायब चेन हातात घिऊन बगंल. दातावर बोट फिरवंल. त्याला काय वाटंल?”

“साहेब पुस्तक बघेल.”

“मंग लिही तुला काय लिव्हायचं ते. त्यातलं तुला जास्त कळतं.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरोखरच त्याला तसं वाटत होतं. मी चेनपुढे कटरच्या भागांचा आकडा लिहिला.

पहिली खेप आली, दुसरी आली. दोन्ही वेळा कुणी काही विचारलं नाही. शेठनी पेढे आणले. दादानं रिळावरची चेन दात मोजून तोडली, रिव्हेट मारून जोडली आणि पहिल्या गिऱ्हाइकाला दिली. ‘आमच्या बायनं बंदरातनं आणली,’ असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

तिसरा माल बंदरावर असताना दादा गेला. दुरुस्त झालेलं मशीन पोचवायला तो मोटरसायकलवरून निघाला होता आणि मंचरच्या बाहेर हमरस्ता ओलांडताना ट्रकनं त्याला उडवलं. याहून जास्त मला लिहिता येत नाही, आणि या आठवणीत त्याची गरजही नाही. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. लाकूडतोडे इतके आले की चपला रस्त्यापर्यंत गेल्या. शेठ पहिल्यापासून शेवटपर्यंत उभे होते. त्यांनी त्याच आठवड्यात वहिनीला दुकानात काम दिलं. सुटे भाग पुसायचे, पिशव्यांत भरायचे, चिठ्ठ्या लावायच्या. तिनं दुसऱ्या दिवसापासून जायला सुरुवात केली.

तिसऱ्या आठवड्यात नोटीस आली. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यानं चेनचं रीळ उघडून पाहिलं होतं. ही वस्तू कटरचा भाग नसून करवतीचं पातं आहे, ती ब्याऐंशीव्या प्रकरणात येते, तिथला कर वेगळा आहे, असं त्यात लिहिलं होतं. आधीच्या दोन खेपांतही हेच चुकीचं वर्णन दिलेलं दिसतं. हे जाणूनबुजून केलं नाही, असं का मानावं, याचा खुलासा करा.

परीक्षा चालू असल्यामुळे ग्रंथालयात दुपारी कुणी नव्हतं. मी पुस्तक काढलं. ब्याऐंशीवं प्रकरण मी पूर्वी चाळलं होतं, पण सुऱ्या, कात्र्या, कुदळी म्हणून सोडून दिलं होतं. करवतींच्या पात्यांची ओळ सापडली. तिच्याखाली, अगदी साध्या शब्दांत, चेन सॉची पाती लिहिली होती. मग मी यंत्रांच्या विभागाच्या सुरुवातीची पानं उघडली. प्रकरणं सुरू होण्याआधी तिथे बारीक अक्षरात टिपा होत्या, या विभागात काय काय येत नाही त्याची यादी. ब्याऐंशीव्या प्रकरणातल्या वस्तू येत नाहीत, असं त्यात स्पष्ट होतं. प्रस्तावना वाचल्याशिवाय पुस्तक वाचू नये, असं मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले होते.

मला पहिल्यांदा वाटलं, घरी जाऊन दादाला सांगावं की तुझं बरोबर होतं. तो काय म्हणाला असता तेही मला माहीत होतं. तो चिडवत बसला नसता. ‘मंग आता काय करायचं?’ एवढंच त्यानं विचारलं असतं. हे सगळं मनात होऊन गेल्यावर तो नाही हे लक्षात आलं. ते तीन आठवडे रोज होत होतं, पण त्या दुपारी फार वाईट झालं.

दुसऱ्या दिवशी शेठनी मला दुकानात बोलावलं. एजंटचा फोन चालू होता. शेठनी रिसीव्हर माझ्याकडे दिला.

“मॅडम, घाबरायचं नाही,” एजंट म्हणाला. “करातला फरक भरून टाकू. तो किरकोळ आहे. प्रश्न आहे तो जाणूनबुजून की चुकून. चुकून झालं असं दाखवलं की विषय संपला. वर्णन कोणी दिलं होतं?”

“मी लिहिलं.”

“लिहिलं तुम्ही, पण वस्तूची माहिती? ती टेक्निकल माणूस देतो ना?”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“तुमचा टेक्निकल माणूस एक्स्पायर झाला, असं शेठ म्हणत होते. वाईट झालं. पण मग त्याच्यावरच घ्या. फार शिकलेला नव्हता, गैरसमजातून सांगितलं, एवढं लिहा. त्याला काही कोणी बोलावणार नाही.”

फोन ठेवल्यावर शेठ हळू आवाजात म्हणाले, “ताई, मला सुदिक हे बरं वाटत न्हाई. पर गेलेल्या मानसाला नोटीस लागत न्हाई. जित्या मानसाला लागती. आन् दादाला मी वळखत व्हतो. त्यो सोता म्हनला आसता, माझ्यावर टाका.”

मी दोन दिवस काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं. मला कुणी भाग पाडलं नाही. शेठनी वहिनीच्या कामाचा शब्दही काढला नव्हता. खरं लिहायचं तर मला हे लिहावं लागलं असतं, की जाणत्या माणसानं मला आधीच बरोबर सांगितलं होतं आणि मी ते उडवून लावलं. माहीत असून चुकीचं लिहिलं, हाच त्याचा अर्थ होता. शेठ अडकले असते, आणि कॉलेजला कळलं असतं तर मीही. यांपैकी कशाची भीती जास्त होती ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला लाज जास्त वाटत होती, असं वाटतं.

पत्र इंग्रजीत होतं. इंग्रजीत लिहिताना तो माझा भाऊ वाटला नाही. सुरुवातीला एकदा त्याचं पूर्ण नाव आलं, पुढे तो आस्थापनेचा दिवंगत तांत्रिक कर्मचारी झाला. त्याचं मर्यादित शिक्षण, वस्तूच्या स्वरूपाविषयी त्याचं अज्ञान, अशी वाक्यं एकामागून एक नीट जुळत गेली. शेठनी सही केली, यादी तयार करणारी म्हणून खाली मीही केली. एजंटनं फोन करून सांगितलं, की पत्र उत्तम झालंय.

पंधराएक दिवस गेले. एका संध्याकाळी वहिनी दुकानातून आली. हात तेलकट होते, ते धुवायच्या आधीच ती माझ्याजवळ बसली.

“ताई, शेठ आज एक बोलले. म्हनले, जाता जाता सुदिक दादानं दुकान वाचवलं बगा. ह्यांनी काय केलं?”

मी म्हणाले, काही नाही, बंदरावरच्या कागदांचं आहे.

“ते कळलं मला. पर ह्यांनी काय केलं?”

पत्राची प्रत माझ्या पिशवीत होती. तिला मराठी चांगलं वाचता येतं, इंग्रजी येत नाही. मला काहीतरी वेगळं सांगता आलं असतं. मी प्रत काढली आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. माझंच लिहिणं मला तिच्यासमोर मराठीत आणावं लागत होतं, आणि मराठीत ते अजिबात नीट जुळत नव्हतं. आमचे मिस्त्री, जे आता हयात नाहीत, फार शिकलेले नव्हते. चेन म्हणजे काय वस्तू आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आम्हाला चुकीचं सांगितलं.

वहिनी म्हणाली, “फिरून सांगा.”

मी पुन्हा सांगितलं.

“चेन म्हंजी काय, ते ह्यांना ठावं न्हवतं?”

“असं लिहिलंय.”

“कुनी लिव्हलं?”

“मी.”

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती बराच वेळ हातावरचं तेल दुसऱ्या हातानं पुसत राहिली. मग म्हणाली, “मुली मोठ्या हुतील. त्यांना इंग्रजी येईल.” आणि उठून न्हाणीकडे गेली.

मुंबईत सुनावणीची तारीख लागली होती. मला बोलावलेलं नव्हतं. मी शेठना म्हणाले, मी येते. त्यांना बरं वाटलं. इंग्रजी बोलायची वेळ आली तर ताई असलेल्या बऱ्या, असं ते म्हणाले. मी काय करणार आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. तेही चुकीचंच होतं.

अधिकारी मराठी होते, पन्नाशीचे, सर्दी झालेले. त्यांच्या टेबलावर आमच्या चेनचा हातभर तुकडा पडला होता. त्यांनी पत्र वाचलं होतं.

“साधी चूक दिसते,” ते म्हणाले. “मिस्त्री गेले तुमचे. वाईट झालं. शिकलेले नसले की असं होतं. मी तशी नोंद घेतो.”

एजंटनं मान हलवली. शेठनी नमस्कार केला.

मी म्हणाले, “साहेब, चूक त्यांची नव्हती.”

शेठ माझ्याकडे वळले. “ताई.”

“मग कुणाची?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“माझी. चेन हे पातं आहे, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी भाग लिहिलं.”

“कधी सांगितलं होतं?”

“पहिली यादी करताना.”

“म्हणजे पहिल्या खेपेपासून तुम्हाला माहीत होतं?”

“मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मला वाटलं, मला जास्त कळतं.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, सांगितलेलं न ऐकणं आणि माहीत असून करणं, यात तुम्हाला फरक दिसत असेल. कागदावर तो दाखवणं अवघड आहे. तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला समजतंय ना?”

“हो.”

“यांनाही समजतंय?” त्यांनी शेठकडे पाहिलं. शेठ टेबलावरच्या चेनकडे बघत होते.

मी विचारलं, “आधीचं पत्र परत घेता येईल का?”

“दिलेलं पत्र फाईलमधून निघत नाही. दुसरं द्या. दोन्ही राहतील.”

मी तिथेच बसून दुसरं लिहून दिलं, त्यात दादाला नुसतं दिवंगत मिस्त्री म्हटलं. आधीचं लिहायला घ्यायलाच दोन दिवस लागले होते, हे पाच मिनिटांत झालं.

येताना माळशेज घाटातून आलो. शेठ गाडी चालवत होते. आळेफाट्याला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी माझ्यासाठीही चहा सांगितला. कप माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “एक इचारू का, ताई? हे तुमी दादासाठी बोललात का सोतासाठी?”

मी कप उचलला.

“दादा हितं आसता ना, तर त्यानं दुकानाला धक्का लागू दिला नसता. सोताच्या डोक्यावर घेतलं आसतं आन् वर हसला आसता. तुमी त्याला सोडवलं, पर त्यो काय अडाकला न्हवता.”

ते रागानं बोलत नव्हते. त्यांचं म्हणणं खरं असण्याची बरीच शक्यता आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. दादा तसा होता. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध निर्दोष ठरवता येतं का, या प्रश्नापाशी मी अजूनही अडखळते.

काही महिन्यांनी निकाल आला. फरक भरायचा होताच, वर दंडही लागला. शेठनी बाहेरून माल मागवणं बंद केलं, पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडून घ्यायला लागले. पुसायला आणि पिशव्यांत भरायला काही उरलं नाही. वहिनीचं काम थांबलं. शेठनी तिला कमीपणा जाणवू न देता सांगितलं, पण काम थांबलं ते थांबलंच. ती बाजार समितीत कांदा निवडायला जाऊ लागली.

निकालाची प्रत शेठनी माझ्याकडे पाठवून दिली, स्वतः आले नाहीत. मी ती ग्रंथालयात वाचली. सात पानं होती. पाचव्या पानावर दादा होता. अधिकाऱ्यांनी लिहिलं होतं, की आस्थापनेकडे वस्तूचं योग्य तांत्रिक ज्ञान असलेली व्यक्ती उपलब्ध होती, त्या व्यक्तीनं सदर वस्तू म्हणजे पातं असल्याचं अचूक मत दिलं होतं, ते मत विभागाच्या टिपांशी आणि प्रकरण ब्याऐंशीशी पूर्णपणे जुळणारं होतं, आणि तरीही आस्थापनेनं चुकीचं वर्णन दिलं. सबब चूक अनवधानानं झाली हा खुलासा स्वीकारता येत नाही.

दादाला आयुष्यात मिळालेलं हे एकमेव लेखी प्रमाणपत्र. त्याला सगळं अचूक कळलं होतं, असं सरकारी कागदावर शिक्क्यासह लिहिलेलं होतं. आणि त्याच वाक्यावर दंड लागला होता. मी ते कितीतरी वेळा वाचलं. आनंद झाला नाही असं नाही. त्या आनंदाचीही लाज वाटली.

घरी येऊन मी वहिनीला ते पान मराठीत सांगितलं. या वेळी वाक्यं जुळत होती. ती बाजारातून नुकतीच आली होती आणि कांद्याची साल तिच्या केसांत, पदराला चिकटलेली होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

“अचूक, आसं लिव्हलंय?”

“हो.”

“सायबानं?”

“साहेबांनी.”

“नाव हाय का ह्यांचं?”

मी पान उलटून पाहिलं, खरं तर मला माहीत होतं. “नाही. दिवंगत मिस्त्री, एवढंच आहे.”

“मंग हे त्यांचंच हाय, हे कुनाला कळनार?”

मी म्हणाले, “पहिल्या पत्रात नाव आहे.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला जे कळलं ते मलाही बोलता बोलताच कळलं होतं. त्या फाईलमध्ये दादाचं नाव एकाच ठिकाणी आहे, अडाणी म्हणून, माझ्या अक्षरात. तो हुशार होता हे जिथे लिहिलंय तिथे नाव नाही. पुढे कधी कुणी ती फाईल उघडली, तर त्याला नाव सापडेल ते चुकीच्या पत्रात.

“मंग तुमी सांगत जा लोकांना,” वहिनी म्हणाली. “तुमाला बोलाया येतं.”

मला बोलायला येत नाही. तरी मी सांगायला लागले. कुणी लाकूडतोड्या रस्त्यात भेटला, दादाची आठवण काढली, की मी त्याला चेनची गोष्ट सांगते. ते ऐकतात आणि म्हणतात, पातंच की, त्यात काय एवढं, कुनाला बी कळतंय. त्यांना नवल वाटत नाही. त्यावर मला पुढे सांगावं लागतं, की मला कळलं नव्हतं. बहुतेकांना ते खरं वाटत नाही.

आता लिहूनही ठेवते आहे. इथेही त्याचं नाव घालायचं मी दोनदा ठरवलं आणि दोनदा राहिलं. नाव लिहिलं की त्याच्याशेजारी ते पहिलं पत्र येऊन उभं राहतं. वहिनीला हे अजून सांगितलेलं नाही. तिनं विचारलं तर हे सगळं तिला वाचून दाखवणार आहे, आणि नाव का नाही हे ती विचारणारच.